गोपनीयतेचा फोन आणि अडकलेले एसएमएस: नागपुरातल्या एका समुपदेशन केंद्राचं प्रकरण

पार्श्वभूमी

दक्षिण नागपुरात घरगुती छळाला तोंड देणाऱ्या बायकांसाठी एक छोटं समुपदेशन केंद्र चालतं. दोन खोल्या, तीन कार्यकर्त्या आणि मागच्या खोलीत शिवणवर्ग. केंद्र ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. केंद्र चालवणाऱ्या बाईंना इथं नुसतं ताई म्हणतो. लहान संस्थांचे संगणक आणि फोन मी बघून देतो, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं.

केंद्रात येणाऱ्या बऱ्याच बायका उमरेड, कुही, भिवापूरकडच्या आहेत. अनेकींकडे बटनांचा साधा फोन असतो, आणि तोही घरात सगळ्यांचा मिळून एक. व्हॉट्सअ‍ॅपचा प्रश्नच येत नाही. महिन्याची बैठक, वकिलाची तारीख, शिवणवर्गाची वेळ हे सगळं एसएमएसवर कळवायचं. म्हणजे शहरात ज्याला लोक ओटीपीपुरता उरलेला मेसेज समजतात, तो इथं कामाचा कणा आहे.

फोन बदलायचं कारणही सांगायला हवं. एका प्रकरणातला नवरा चार माणसं घेऊन केंद्रात आला, टेबलावरचा फोन उचलला आणि मेसेज चाळायला लागला. कार्यकर्तीने तो हातातून काढून घेतला, पण फोनला साधा चार आकडी पिन होता आणि येणारे मेसेज बंद पडद्यावरही पूर्ण दिसत होते. त्यानंतर ताईंनी ठरवलं की फोन पक्का हवा. त्यांच्या भाच्याने पिक्सेल फोन आणून त्यावर ग्राफीनओएस बसवून दिली. ही अँड्रॉइडच्याच खुल्या स्रोतावर उभी केलेली प्रणाली आहे. तिच्यात गूगलच्या सेवा मुळात नसतात. हव्या असतील तर इतर कुठल्याही अ‍ॅपसारख्या, खास अधिकार न देता टाकता येतात. फोन बराच वेळ उघडला नाही तर तो आपोआप रीस्टार्ट होतो, म्हणजे चोरीला गेला तरी आतला मजकूर कुलूपबंद अवस्थेत परत जातो. केंद्राच्या गरजेला ही निवड योग्यच होती, असं माझं आजही मत आहे.

अडचण

ताईंचा फोन आला तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "भाऊ, मेसेज जाऊनही नाही राहिले अन् येऊनही नाही राहिले. हा फोन परत करून टाकू का?"

"मेसेज चालत नाही" या तक्रारीत तीन-चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात, आणि त्या सुट्या केल्याशिवाय फोनला हात लावण्यात अर्थ नसतो. म्हणून आधी फोनवरच सगळं विचारून कागदावर उतरवलं. बँकेचा ओटीपी येत नव्हता. यूपीआयचं अ‍ॅप नोंदणीच्या पायरीवर अडत होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बैठकीचा मेसेज चाळीसेक बायकांना एकदम पाठवला, तर तो लाल अक्षरांत "पाठवता आला नाही" असा पडून होता. एकट्या बाईला पाठवलेला छोटा मेसेज मात्र त्या दिवशी सकाळी गेला होता.

हे शेवटचं वाक्य ताईंनी सहज सांगितलं, पण सगळ्या तपासाची दिशा तिथंच ठरली. एकीला जातो आणि चाळीस जणींना जात नाही, म्हणजे सिम, नेटवर्क आणि मोबाइल कंपनीच्या संदेश केंद्राचा क्रमांक (ज्याच्यामार्फत मेसेज पुढं जातात) ठीक आहेत.

मी पोचण्याआधी काय झालं होतं

नवा फोन सुरू केला त्याच दिवशी सिमही बदललं होतं. जुनं सिम वर्षानुवर्षांचं, घासलेलं, म्हणून भाच्याने कंपनीच्या दुकानातून त्याच नंबरचं नवं सिम घेतलं. आपल्याकडे सिम बदललं की पहिले 24 तास त्या नंबरवरचे येणारे-जाणारे एसएमएस बंद ठेवले जातात. कुणी आपल्या नावावर परस्पर सिम काढून ओटीपी पळवू नये, यासाठी ही व्यवस्था आहे आणि ती चांगली आहे. पण दुकानात हे कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलेलं गर्दीत ऐकू आलं नाही.

त्या 24 तासांत भाचा स्वस्थ बसला नाही. त्याने गूगलच्या सेवा टाकल्या, गूगलचं मेसेज अ‍ॅप टाकलं, त्यात आरसीएस (इंटरनेटवरून जाणारा एसएमएसचा नवा प्रकार) चालू करायचा प्रयत्न केला, व्हीओएलटीई (4जी जाळ्यावरून कॉल नेणारी सोय) बंद करून परत चालू केलं, नेटवर्कची सगळी सेटिंग्ज पुसली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेसेज येऊ लागले तेव्हा त्याला वाटलं, शेवटच्या उपायाने काम झालं. खरं तर मुदत संपली होती. मुलगा हुशार आहे, मेहनती आहे, मावशीसाठी जीव तोडून झटत होता. पण एकाच दिवशी फोन, सिम आणि प्रणाली अशा तिन्ही गोष्टी बदलल्या की कशामुळे काय बिघडलं हे कुणालाच सांगता येत नाही.

तपासणी

केंद्रात गेल्यावर सुरुवात सगळ्यात साध्या पायरीपासून केली. डायलरमध्ये *#*#4636#*#* टाकलं की फोनच्या माहितीचा पडदा उघडतो. तिथं आयएमएस सेवेची, म्हणजे 4जी जाळ्यावरून कॉल आणि मेसेज नेणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेची, स्थिती दिसते. ती नोंदलेली होती. केंद्राचं सिम ज्या कंपनीचं आहे तिच्या जाळ्यात एसएमएस या आयएमएसवरूनच जातो, त्यामुळे इथं नोंदणी नसती तर बाकीचं सगळं तपासणं वाया गेलं असतं. मग माझ्या फोनवर एक आकडी मेसेज पाठवला, मग मराठीत एक ओळ, मग एक लांब परिच्छेद. तिन्ही आले. उत्तरंही पोचली.

आता ओटीपी. भाच्याने फोनमध्ये दोन प्रोफाइल, म्हणजे एकाच फोनवरचे दोन वेगळे वापरकर्ते, केल्या होत्या: मुख्य प्रोफाइल रिकामी आणि "केंद्र" नावाची दुसरी, जिच्यात सगळी अ‍ॅप. कार्यकर्त्या दिवसभर दुसऱ्या प्रोफाइलमध्ये असायच्या, मुख्य प्रोफाइलमध्ये जाणं व्हायचं ते मेसेज पाठवण्यापुरतं. अँड्रॉइडमध्ये दुसऱ्या वापरकर्त्याला कॉल आणि एसएमएसची परवानगी आपोआप मिळत नाही. ओटीपी येत होते, पण मुख्य प्रोफाइलमध्ये. तिथं जाऊन पाहिलं तर बँकेचे मेसेज एकाखाली एक रांगेत बसलेले. यूपीआयचं कोडंही इथंच सुटलं. ते अ‍ॅप नोंदणी करताना आपल्या सिमवरून एक मेसेज स्वतःहून पाठवतं आणि नंबर खरोखर याच फोनमध्ये आहे याची खात्री करून घेतं. दुसऱ्या प्रोफाइलला एसएमएसच पाठवता येत नसेल तर ती पायरी पुढं सरकणार कशी?

निर्णय पहिला: परवानगी द्यायची का?

सेटिंग्जमध्ये त्या प्रोफाइलसमोर एक बटन आहे, कॉल आणि एसएमएस चालू करण्याचं. भाच्याला ते सापडलंच होतं आणि तो दाबणार होता. दाबल्यावर फोन एक सूचना दाखवतो: कॉल आणि एसएमएसचा इतिहास या वापरकर्त्यालाही दिसेल. मी ती सूचना ताईंना मोठ्याने वाचून दाखवली आणि विचारलं, "दुसऱ्या प्रोफाइलचा पिन कुणाकुणाला माहीत आहे?" तिन्ही कार्यकर्त्यांना, आणि उन्हाळ्यात येणाऱ्या समाजकार्याच्या विद्यार्थिनींनाही.

ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे कोणती बाई रात्री अकराला मला काय लिहिते, ते त्या पोरींनाही दिसणार."

पर्याय तीन होते. बटन चालू करायचं आणि विद्यार्थिनींना फोन द्यायचाच नाही, हा पहिला. तो नियम म्हणून चांगला, पण गर्दीच्या दिवशी टिकला नसता. दुसरा, एसएमएस मुख्य प्रोफाइलमध्येच ठेवायचे, तिचा पिन ताई आणि ज्येष्ठ कार्यकर्ती एवढ्याच दोघींकडे, आणि बाकीचं काम दुसऱ्या प्रोफाइलमध्ये. तिसरा, सरळ दुसरा फोन घ्यायचा. ताईंनी दुसरा निवडला. गैरसोय आहेच, एखादा मेसेज बघायला प्रोफाइल बदलावी लागते. पण बाईचं लिहिलेलं त्या दोघींच्या पलीकडं जात नाही.

बँकेचं काम मात्र आम्ही या फोनवरून पूर्ण काढूनच टाकलं. काही बँकिंग अ‍ॅप गूगलच्या प्ले इंटिग्रिटी तपासणीवर (फोनची प्रणाली गूगलने मान्य केलेली आहे का हे पाहणारी) अडतात, आणि अशा प्रणालीवर आज चालणारं अ‍ॅप उद्याही चालेल याची हमी नसते. शिवाय देणगीच्या पैशाचा नंबर आणि बायका ज्या नंबरवर विसंबून आहेत तो नंबर एकच का असावा? खात्याशी जोडलेला मोबाइल नंबर शाखेत अर्ज देऊन खजिनदारांचा केला. काही कामकाजाच्या दिवसांत हे उरकलं, आणि ओटीपीची तक्रार कायमची मिटली.

निर्णय दुसरा: सामूहिक मेसेज दुरुस्त करायचा का?

या प्रकरणातला खरा धोका इथं होता.

चाळीस जणींचा मेसेज उघडला. पाठवण्याच्या बाणाखाली बारीक अक्षरांत "एमएमएस" (फोटो किंवा गटाचे मेसेज नेणारा वेगळा प्रकार) लिहिलेलं होतं. ग्राफीनओएससोबत येणारं मेसेज अ‍ॅप अँड्रॉइडच्या मूळ अ‍ॅपवर बेतलेलं आहे. त्याच्या प्रगत सेटिंग्जमध्ये सामूहिक मेसेजसाठी दोन मार्ग असतात. एकात प्रत्येकीला सुटा एसएमएस जातो. दुसऱ्यात सगळ्यांना मिळून एकच एमएमएस जातो. या फोनवर दुसरा मार्ग निवडलेला होता. एमएमएस जायला मोबाइल डेटा लागतो, आणि केंद्रात वायफाय असल्यामुळे डेटा बंद ठेवला होता. म्हणून मेसेज अडकला होता.

भाच्याने हेही शोधून काढलं होतं. कंपनीच्या एमएमएस केंद्राचा पत्ता एपीएनमध्ये, म्हणजे मोबाइल डेटाच्या जोडणीच्या सेटिंग्जमध्ये, भरायचा, डेटा चालू करायचा, की झालं, असा त्याचा बेत होता, आणि तांत्रिकदृष्ट्या तो बरोबर होता. मेसेज गेला असता.

पण सामूहिक एमएमएसमध्ये प्रत्येक फोनवर बाकी सगळ्यांचे नंबर पोचतात. ज्यांचा फोन एमएमएस उघडू शकतो, त्यांना चाळीस नंबरांची यादी दिसली असती. त्या यादीतले काही फोन ज्यांच्या हातात असतात, त्यांच्यापासूनच तर या बायका लपून केंद्रात येतात. कुहीतल्या एका घरात नवऱ्याने ती यादी पाहिली असती, त्यात शेजारच्या गावातल्या ओळखीच्या बाईचा नंबर दिसला असता, तर पुढचं सांगायला नको. शिवाय कुणी उत्तर दिलं असतं तर ते सगळ्यांकडे गेलं असतं. आरसीएसच्या गटातही सदस्य एकमेकांना दिसतातच, त्यामुळे तो मार्गही बाद.

मी भाच्याला शेजारी बसवून हे दाखवलं. माझा फोन, ताईंचा खासगी फोन आणि एका कार्यकर्तीचा फोन असा तिघांचा गट करून, काही मिनिटांसाठी डेटा चालू करून एमएमएस पाठवला. तिघांच्या पडद्यावर तिघांचे नंबर आले. तो पडदा त्याने पाहिला आणि एपीएनचं पान स्वतःच बंद केलं.

मग सेटिंग सुट्या एसएमएसवर आणलं आणि तीच चाचणी पुन्हा केली. या वेळी प्रत्येक फोनवर फक्त केंद्राचा नंबर. हे सेटिंग बदलल्यावर जुन्या अडकलेल्या मेसेजवर "पुन्हा पाठवा" दाबायचं नाही, तो पुसून नव्याने लिहायचा, हेही तिथंच ठरवलं, कारण जुना मसुदा एमएमएस म्हणूनच बनलेला होता.

मराठी मेसेजची लांबी

सुट्या एसएमएसने एक नवी मर्यादा समोर आणली. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये 160 अक्षरं मावतात. देवनागरीत 70 च. मेसेज त्याहून लांब झाला की तो तुकड्यांत जातो आणि प्रत्येक तुकड्यात 67 च जागा उरतात, कारण तुकडे जोडण्याची खूण काही जागा खाते. काना, मात्रा, वेलांटी, हलंत हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. ताईंचा बैठकीचा मेसेज आपुलकीने लिहिलेला होता, नमस्कारापासून येण्याच्या बसपर्यंत. मोजला तर तीन तुकड्यांचा भरला. चाळीस जणींना तीन तुकडे म्हणजे 120 एसएमएस, आणि त्यांच्या रिचार्जमध्ये दिवसाला 100 ची मर्यादा. शेवटच्या काही जणींना तो गेलाच नसता, किंवा वेगळे पैसे पडले असते.

घाऊक एसएमएसची सेवा घ्यावी का, हाही विचार झाला. दूरसंचार नियामक ट्रायच्या 2018 च्या नियमांनुसार त्यासाठी संस्थेची डीएलटीवर (घाऊक मेसेज पाठवणाऱ्यांची नोंद ठेवणारी मोबाइल कंपन्यांची प्रणाली) नोंदणी, पाठवणाऱ्याचं ठरलेलं नाव आणि मजकुराचे मंजूर साचे लागतात. लहान संस्थेला हे जमतं. पण मग बायकांच्या नंबरांची यादी एका व्यावसायिक सेवेच्या हातात द्यावी लागते, आणि मेसेजवर संस्थेच्या नावाचा शिक्का दिसतो. ताईंनी एका वाक्यात नकार दिला आणि मला तो पूर्ण पटला.

उरला मजकूर आखूड करण्याचा मार्ग. इथं तांत्रिक गरज आणि सुरक्षेची गरज एकाच दिशेला जात होत्या. एसएमएस कूटबद्ध नसतो. केंद्राचा फोन कितीही पक्का असला तरी समोरच्या साध्या फोनवर तो उघडाच असतो. म्हणून मेसेजमध्ये "समुपदेशन", "वकील", "बैठक" असले शब्दच नकोत. शिवणवर्ग खरोखर चालतो, बायका खरोखर शिवण शिकतात, बैठक त्यालाच जोडून घेतली. नवा मेसेज असा ठरला: "शिवणवर्ग मंगळवारी दुपारी 2 ला. येताना वही आणा." मोजला तर 46. एका एसएमएसमध्ये आरामात बसतो, आणि सासूने वाचला तरी वावगं काही दिसत नाही. वही म्हणजे कागदपत्रं, हे बायकांना आधीच्या बैठकीत तोंडी सांगून ठेवलं.

सोमवारचा गोंधळ

सगळं सुरळीत चाललेलं असताना एक नवी तक्रार आली. शनिवारी संध्याकाळी कपाटात ठेवलेला फोन रविवारी दुपारपासून "बंद" लागत होता, आणि सोमवारी उघडल्यावर मेसेजचा ढीग एकदम पडला.

बॅटरी शाबूत होती. ग्राफीनओएस ठरलेला वेळ फोन न उघडल्यास आपोआप रीस्टार्ट होते, मूळ सेटिंगमध्ये ती मुदत 18 तासांची असते. त्यात ताईंनी सिमलाही पिन लावला होता, तोही कुणाच्या तरी चांगल्या सल्ल्यावरून. रीस्टार्ट झाला की सिम पिन मागतं आणि तो टाकेपर्यंत नेटवर्कशी जोडलंच जात नाही. दोन्ही उपाय स्वतंत्रपणे योग्य, पण एकत्र आल्यावर रविवारी अडचणीत असलेल्या बाईला केंद्राचा फोन लागत नव्हता. हे मला सगळ्यांत गंभीर वाटलं, कारण याची कुणाला चाहूलही लागली नसती. पडद्यावर चुकीचा एकही संदेश नव्हता.

सिमचा पिन काढला तर चोरलेलं सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून ओटीपी आणि मेसेज मिळवता येतात. मुदत वाढवली तर चोरीला गेलेल्या फोनमधला मजकूर पूर्ण कुलूपबंद व्हायला जास्त वेळ लागतो. ताईंनी मुदत 48 तासांवर नेली आणि सिमचा पिन तसाच ठेवला. शनिवारी संध्याकाळी सहा ते सोमवारी सकाळी दहा म्हणजे 40 तास, त्यामुळे रविवार निभावतो. सलग सुट्ट्या आल्या की ज्येष्ठ कार्यकर्ती फोन घरी नेते. बंद पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसत नाही, एवढी काळजी आधीच घेतली होती.

निष्पत्ती

फोन परत केला नाही. गूगलचं मेसेज अ‍ॅप आणि त्यासाठी टाकलेल्या सेवा काढून टाकल्या, कारण त्यांची गरज कधी नव्हतीच. बैठकीचा मेसेज आता सगळ्यांना पोचतो, आणि ज्यांना पोचत नाही त्यांची नावं ज्येष्ठ कार्यकर्ती वहीत लिहून ठेवते. त्यातल्या काहींचे नंबर बदललेले निघाले, काहींनी सांगितलं की मेसेज करूच नका, आम्ही बाजाराच्या दिवशी फोन करू. ही माहिती जुन्या फोनवर कधीच हाती आली नव्हती.

एक गोष्ट सुटली नाही. भिवापूरकडच्या दोन गावांत बायकांच्या फोनला रेंजच धड मिळत नाही, मेसेज उशिरा पोचतात, आणि तिथं केंद्राच्या फोनवर काहीही केलं तरी उपयोग नाही. त्या गावांसाठी अंगणवाडी सेविकेमार्फत तोंडी निरोपच चालतो.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम बदलायला हवा होता. आधी जुन्या फोनमध्येच नवं सिम, 24 तास थांबायचं, ओटीपी आणि एसएमएस दोन्ही बाजूंनी चालतात हे पाहायचं, आणि मगच ते सिम नव्या फोनमध्ये. तोवर जुना फोन चालूच राहिला असता. केंद्राचं काम एसएमएसवर अडणारं असेल तर या अदलाबदलीसाठी बैठकीच्या आठवड्याच्या बाहेरचा दिवस निवडावा.

दुसरं, फोन निवडताना गोपनीयतेचा विचार केंद्राच्या बाजूने झाला, बायकांच्या बाजूने नाही. फोन येण्याआधीच प्रत्येकीला विचारायला हवं होतं: मेसेज करू का, कोणत्या नंबरवर, कोणत्या वेळी, आणि त्यात काय लिहिलेलं चालेल? हे प्रश्न आता नोंदणीच्या पहिल्याच भेटीत विचारले जातात आणि उत्तरं फोनमध्ये नाही, कपाटातल्या कुलुपात ठेवलेल्या कागदावर असतात.

आणि भाच्यासारख्या घरच्या माणसाला मदतीला घेताना त्याला फोनआधी काम समजावून द्यायला हवं. त्याला जर पहिल्याच दिवशी कळलं असतं की हे मेसेज कुणाच्या घरात जातात, तर एमएमएसचा पत्ता भरण्याचा विचार त्याच्या मनात आलाच नसता. आता केंद्राच्या फोनची देखभाल तोच करतो. काही बदलायचं असलं की आधी ताईंना विचारतो, एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि तारखेसह लिहून ठेवतो.